जे दिसत नाही ते ऐकायचं: आयर्लंडमधलं काँग गाव ऑडिओ टूर घेऊन कसं फिरावं

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो आणि गॉलवे या दोन काउंटींच्या सीमेवर काँग नावाचं गाव आहे. मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. सहलीच्या बसमधून उतरणारे लोक मठाचे अवशेष बघतात, हॉलिवूडचा नट जॉन वेनच्या पुतळ्याशेजारी फोटो काढतात, कॉफी घेतात आणि अर्ध्या-पाऊण तासात ‘छान आहे हं’ म्हणत पुढे निघतात. त्यांना तरी काय बोलणार? काँगमध्ये मोलाचं असं जे आहे, त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतच नाही. कालवा आहे, पण वर्षातले बरेच महिने त्यात पाणी नसतं. नदी आहे, पण ती गावापर्यंत जमिनीखालून येते. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा बाराव्या शतकातला क्रॉस डब्लिनला असतो. आयर्लंडचा शेवटचा मोठा राजा इथे वारला, पण त्याचं दफन झालं भलतीकडे. इथे चित्रित झालेल्या ‘द क्वाएट मॅन’ या सिनेमातलं घरसुद्धा इथे आहे ती प्रतिकृती.

म्हणून इथे कानात कुणीतरी बोलणारं हवं. जिवंत गाइड मिळाला तर उत्तमच. पण आई-बाबांच्या चालीने, मधेच बाकावर बसत, पाऊस आला की आडोसा शोधत फिरायचं असेल तर फोनवरची ऑडिओ टूर जास्त सोयीची. ती तयार कशी करायची आणि कोणत्या क्रमाने ऐकायची, ते पुढे सांगते.

निघण्याआधी

व्हिसाचा घोळ आधी मिटवा. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात नाही. फ्रान्स-जर्मनीसाठी काढलेल्या व्हिसावर इथे येता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे. तिचा शेरा व्हिसावर असेल तर एकाच व्हिसात दोन्ही देश होतात. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करतेवेळी सरकारी संकेतस्थळ बघूनच घ्या.

सामानात पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाची वडी भरू नका. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चकली, चिवडा, लाडू (तुपातले सोडून), मेतकूट चालतं. मुलाकडे डब्लिनला निघालेल्या आईला हे सांगणं हे या लेखातलं सगळ्यात अवघड काम आहे, ते तुमच्यावर सोडते.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेला रेल्वे जाते, अडीच तास धरा. गॉलवेहून काँग ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत बस असतात, पण मोजक्या. आदल्या दिवशी ‘टीएफआय लाइव्ह’ या अ‍ॅपवर परतीची बस आधी बघा आणि मग जायची. गाडी भाड्याने घेतलीत तर भारतीय लायसन्स पर्यटकाला चालतं, गाडीही आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे तशी भीती नाही. डब्लिनच्या एम-५० रिंगरोडवर मात्र टोलनाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. गाडी भाड्याने देणारा ते भरतो की तुम्ही, हे किल्ली घेतानाच विचारा.

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. सहलींच्या बस दुपारी येतात, म्हणून सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर गाव तुमचं. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. टोपीवालं रेनजॅकेट घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी तळ्याकाठी आणि झाडीत मिज नावाची बारीक चिलटं चावतात, त्यांच्यासाठी मलम खिशात ठेवा.

ऑडिओ कुठून आणायचा

‘वॉइसमॅप’, ‘इझी ट्रॅव्हल’ यांसारख्या अ‍ॅपवर जगभरच्या फेऱ्या असतात. तुम्ही ठिकाणावर पोचलात की जीपीएस ओळखतं आणि ती क्लिप आपोआप सुरू होते. काँगच्या परिसरासाठी त्या वेळी काय उपलब्ध आहे ते शोधा आणि पैसे भरण्याआधी नमुन्याची क्लिप ऐका. निवेदक एका जागी चार मिनिटांहून जास्त बोलत असेल तर ती टूर घेऊ नका. उभ्या माणसाचं लक्ष तेवढा वेळ टिकत नाही, आणि आयर्लंडच्या वाऱ्यात तर नाहीच.

पण या टूर बहुतेक इंग्रजीत, आणि आयरिश उच्चारांच्या इंग्रजीत. आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: मराठी टूर स्वतःच रेकॉर्ड करा. रविवारची एक दुपार पुरते. शिवाय पोरीच्या आवाजात ऐकायला मिळालं की बाबा क्लिप अर्धवट सोडत नाहीत.

पद्धत अशी. आधी नकाशावर थांबे ठरवा. सात-आठ पुरेत. गूगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये प्रत्येक थांब्याची खूण करून त्याला नंबर द्या. मग प्रत्येक थांब्याचा मजकूर लिहून काढा. सावकाश मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांच्या क्लिपसाठी अडीचशेच्या आत शब्द. दुसऱ्याच्या टूरमधला मजकूर भाषांतर करून वापरू नका. माहिती वाचा, पुस्तक मिटा आणि आपल्या शब्दांत सांगा.

प्रत्येक क्लिपमध्ये तीन गोष्टी हव्यातच: कुठे उभं राहायचं आणि तोंड कुठे करायचं, काय बघायचं, आणि शेवटी पुढच्या थांब्याला कसं जायचं. वाट सांगताना ‘निळ्या दुकानापासून डावीकडे’ असं सांगू नका, दुकानाचा रंग पुढच्या वर्षी बदलतो. ‘नदी उजव्या हाताला ठेवून चाला’, ‘मठाची भिंत संपेपर्यंत’ अशा हलणार नाहीत त्या खुणा धरा.

रेकॉर्डिंग फोनवर होतं. कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला, आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रीज बंद. फाइलला ‘०१ बाजारचौक’, ‘०२ मठ’ अशी नावं द्या म्हणजे क्रम बिघडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइलचं नाव हरवतं आणि आई सातवी क्लिप पहिल्यांदा ऐकते. पाठवून झालं की त्यांच्या फोनवर डाउनलोड झालंय की नाही ते स्वतः बघा. गावाबाहेर झाडीत नेटवर्क जातं. नकाशाही ऑफलाइन उतरवून ठेवा. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं आणि बॅटरी वाचते.

हेडफोन एकाच कानात. दोन्ही कान बंद करून आयर्लंडच्या गावातल्या रस्त्यावर चालू नका. रस्ते अरुंद, फुटपाथ मधेच संपतो आणि ट्रॅक्टर वळणावरून अचानक येतो. गळ्यात अडकवायचा नेकबँड ज्येष्ठांना बरा, कानातून निसटला तरी नदीत पडत नाही. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते ब्लूटूथने फोनला जोडलं जातं का, हे घरीच तपासा.

पहिला थांबा: गावातला क्रॉस

गावाच्या मध्यात रस्त्यातच एक दगडी क्रॉस उभा आहे. वरचा खांब नंतरचा, खालचं जोतं जुनं. त्या जोत्यावर आयरिश भाषेत कोरलेलं आहे, की निकोल आणि गिलबर्ट ओ’डफी या काँगच्या मठाधिपतींसाठी प्रार्थना करा. अक्षरं झिजलेली आहेत. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला तर खाचा उठून दिसतात, समोरून धरला तर काही दिसत नाही.

पहिली क्लिप इथे ठेवा आणि त्यात गावाची भूमिती सांगा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उत्तरेला लॉख मास्क, दक्षिणेला लॉख कॉरिब, अशी दोन मोठी तळी. कॉरिब हे आयर्लंड प्रजासत्ताकातलं सर्वांत मोठं तळं. दोन्हींच्या मध्ये चुनखडीच्या खडकाची काही किलोमीटर रुंद पट्टी आणि तिच्यावर काँग. मास्कची पातळी कॉरिबपेक्षा दहाएक मीटर उंच. त्यामुळे मास्कचं पाणी कॉरिबकडे जातं, पण वरून नाही. खडकातल्या भेगा-भुयारांतून जातं आणि गावाजवळ जमिनीतून उसळून वर येतं. तीच काँगची नदी. जेमतेम गावाला वळसा घालून ती कॉरिबला मिळते.

दुसरा थांबा: मठ

इथे वेळ द्या. फेरीत एकाच जागी तीन क्लिप ठेवायच्या असतील तर त्या इथेच.

सातव्या शतकात संत फेखिन यांनी इथे मठ स्थापला अशी परंपरा आहे. पुढे बाराव्या शतकात कनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताचा राजा टर्लोख ओ’कॉनर याने तो ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंसाठी नव्याने उभा केला. आज दिसणारं बांधकाम मुख्यतः तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं. छप्पर नाही. आत गवत आणि थडगी. प्रवेशाला तिकीट नाही.

बहुतेक लोक मधोमध उभं राहून वर बघतात. तुम्ही पूर्वेकडच्या खोल्यांच्या दारांपाशी जा आणि कमानीखालच्या खांबांच्या माथ्यांना नाक लावा. दगडात पानं कोरलेली आहेत, प्रत्येक वेगळं. गोल कमानींचा जुना काळ संपून टोकदार कमानींचा नवा काळ सुरू होत होता तेव्हाचं हे काम, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारीशेजारी भेटतात. मग अंगणाच्या कडेच्या कमानींकडे वळा. तिथले काही दगड मऊ, गोलसर झालेले, तर काहींच्या कडा अजून धारदार. धारदार आहेत ते एकोणिसाव्या शतकातले. बिअरवाले बेंजामिन ली गिनेस यांनी १८५२ मध्ये शेजारची अ‍ॅशफर्डची इस्टेट घेतली आणि मठाची डागडुजी करून घेतली, तेव्हाचे. जुना कोणता, नवा कोणता हे मुलांना ओळखायला लावा. इतिहास न आवडणारी मुलंसुद्धा यात पंधरा मिनिटं रमतात.

दुसरी क्लिप राजाची. टर्लोखचा मुलगा रॉरी ओ’कॉनर हा आयर्लंडचा शेवटचा सर्वमान्य महाराजा. त्याच्या कारकिर्दीतच, ११६९ मध्ये, नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले. ११७५ मध्ये त्याला इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीशी विंडसरला तह करावा लागला आणि त्याचं वरचढपण मान्य करावं लागलं. घरातही शांतता नव्हती, मुलांशी भांडणं. ११८३ मध्ये त्याने राज्य सोडलं आणि अखेरची वर्षं या मठात काढली. ११९८ मध्ये इथेच वारला. त्याचं शरीर शॅनन नदीकाठच्या क्लॉनमॅकनॉइसला नेऊन वडिलांजवळ पुरलं. गावात कुणी त्याची कबर इथेच असल्याचं सांगितलं तर मान डोलवा, वाद घालू नका.

तिसरी क्लिप डब्लिनला असलेल्या त्या बाराव्या शतकातल्या क्रॉसची, पण ती इथे नुसती सुरू करायची. संपवायची कुठे ते शेवटी सांगते.

इथल्या काही कबरी ताज्या आहेत, लोक फुलं ठेवायला येतात. आवाज बाहेर जाईल असा स्पीकर लावू नका आणि सपाट थडग्यांवरून चालू नका.

तिसरा थांबा: साधूंचं मासेमारीघर

मठामागे हिरवळ उतरत नदीकडे जाते. काठाला लागून, अर्धं पाण्यावर, दगडी खोलीवजा घर उभं आहे. बहुधा पंधराव्या-सोळाव्या शतकातलं. खाली छोटी कमान, तिच्यातून नदी वाहते. आत शिरा. जमिनीत चौकोनी भोक आहे आणि भोकातून खाली पाणी पळताना दिसतं. साधू थंडीत शेकोटीजवळ बसून त्या भोकातून जाळं सोडत, शेकोटीची जागा अजून आहे. असं सांगतात की मासा लागला की इथून मठाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलेली दोरी ओढायची आणि तिकडे घंटा वाजायची. घंटेची गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण दार ते मठ हे अंतर डोळ्यांनी मोजलं तर अशक्य वाटत नाही.

इथे क्लिप एका मिनिटाची करा, वीस सेकंदांचीही चालेल. शेवटचं वाक्य असू द्या: ‘आता हेडफोन काढा.’ भोकातून येणारा पाण्याचा आवाज दगडी खोलीत असा भरतो की त्यावर निवेदन घालणं म्हणजे चांगल्या गाण्यावर बोलत राहणं.

चौथा थांबा: पिजन होल

मासेमारीघराजवळच्या पुलावरून पलीकडे गेलं की झाडी सुरू होते. गावापासून दीडेक किलोमीटरवर पिजन होल नावाची गुहा आहे. वाट सोपी, पण पावसानंतर चिखल असतो, स्पोर्ट्स शूज असू द्यात. जमिनीत एक खड्डा, त्यात उतरणाऱ्या साठेक दगडी पायऱ्या, आणि तळाशी ती भुयारी नदी. पहिल्या थांब्यावर जिच्याबद्दल फक्त ऐकलं, ती इथे प्रत्यक्ष कानावर येते. पाऊस नुकताच झाला असेल तर आवाज वरपर्यंत.

पायऱ्या शेवाळलेल्या आणि असमान आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच थांबावं. त्यांच्यासाठी क्लिपमध्ये गोष्ट ठेवा म्हणजे खाली न उतरल्याचं वाईट वाटणार नाही. गोष्ट अशी: एका तरुणीच्या प्रियकराला लग्नाआधी मारून पाण्यात टाकलं. ती वेडीपिशी झाली आणि एक दिवस नाहीशी झाली. मग या पाण्यात एक पांढरी ट्राउट दिसू लागली. गावातलं कुणी तिला हात लावीना. एका सैनिकाने हटकून ती पकडली आणि तव्यावर टाकली. कितीही वेळ ठेवली तरी शिजेना, अंगावर डागसुद्धा पडेना. चिडून त्याने सुरी लावली तर मासा किंचाळून उडाला आणि समोर रक्ताळलेल्या हाताची एक सुंदर बाई उभी. मी माझ्या माणसाची वाट बघतेय, मला पाण्यात सोड, असं तिने सांगितलं. सैनिकाने ऐकलं.

परतताना अ‍ॅशफर्ड कासलच्या बाजूने येता येतं. १२२८ साली नॉर्मन डी बर्गो घराण्याने इथे किल्ला उभारला, गिनेस कुटुंबाने त्याचा महाल केला, १९३९ पासून तिथे हॉटेल आहे. बाहेरच्यांना आवारात यायला हंगामात शुल्क पडतं. माझ्या मते बागेसाठी ते द्यावं असं काही नाही, पण तळ्याच्या बाजूने दिसणारा देखावा फोटोत छान येतो, एवढं खरं.

पाचवा थांबा: कोरडा कालवा

गावाच्या पूर्वेला. बहुतेक पर्यटक या बाजूला फिरकत नाहीत. मला विचाराल तर फेरीतला सगळ्यात महत्त्वाचा थांबा हाच. आई-बाबांसाठीच्या क्लिपचा मजकूर मी असा लिहीन:

‘आई, बाबा, थांबा इथे. कठड्याला टेकलात तरी चालेल. खाली बघा. दगडाने बांधून काढलेलं हे पात्र दिसतंय ना? हा कालवा. १८४८ साली खोदायला घेतला. तेव्हा या देशात बटाट्याचं पीक वर्षानुवर्षं सडत होतं. गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. बाबा, बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायची कामं निघाली होती ना, तसं इथे सरकारने हे काम काढलं. वरचं तळं आणि खालचं तळं जोडायचं, बोटी चालवायच्या. सहा वर्षं उपाशी माणसांनी हा खडक फोडला. १८५४ मध्ये काम थांबलं. एकही बोट इथून गेली नाही. खालचा खडक चुन्याचा, भेगाळलेला, पाणी त्यात मुरून जातं. आता उजवीकडच्या भिंतीचे दगड बघा. किती नीट बसवलेत. घाई नाही, सावकाश बघा. झालं की गावाकडे वळा, मी पुढच्या क्लिपमध्ये भेटते.’

इंजिनीअरांना पाणी मुरेल एवढंही कळलं नाही, असं म्हणून गावात हसतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. कालव्याचा तळ चिकणमातीने लिंपून पाणी अडवायची रीत तेव्हा सगळ्यांना माहीत होती. पण पैसा आखडला गेला होता आणि माल वाहायला रेल्वे येऊ घातली होती. लिंपायला पैसे घालावेत असं कुणाला वाटलं नाही. हिवाळ्यात जोरदार पाऊस झाला तर यात पाणी येतंही. तेव्हा गेलात आणि कालवा कोरडा दिसला नाही, तर क्लिप खोटी ठरली असं समजू नका.

सिनेमाचं काय?

१९५१ च्या उन्हाळ्यात जॉन फोर्ड यांनी ‘द क्वाएट मॅन’चं चित्रीकरण इथे केलं. जॉन वेन आणि मॉरीन ओ’हारा त्यात होते. गावाचं अर्धं अर्थकारण अजून त्यावर चालतं. मॉरीनला उचलून घेतलेल्या जॉनचा पुतळा आहे, घराची प्रतिकृती करून केलेलं संग्रहालय आहे. सिनेमात पॅट कोहनचा पब म्हणून दिसलेलं दुकान तेव्हा किराणामालाचं होतं, खरा पब झाला तो २००८ मध्ये. सिनेमा पाहिलेला असेल तर तास घालवा. नसेल तर पुतळ्याशी एक फोटो आणि पुढे.

पोटपूजा इथेच करा. शाकाहाऱ्यांनी भाज्यांचं सूप मागताना त्यात चिकनचा स्टॉक आहे का ते आवर्जून विचारावं. ‘व्हेजिटेबल सूप’ म्हटलं म्हणजे शाकाहारीच, असं इथे गृहीत धरता येत नाही. सोबतचा ब्राउन ब्रेड आणि लोणी मात्र सुरेख.

गाडी असेल तर

काँगच्या उत्तरेला, मास्कच्या काठी, लॉख मास्क हाउस आहे. खाजगी मालमत्ता आहे, रस्त्यावरूनच बघायची. १८८० मध्ये इथे जमीनदार लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहायचा. खंड कमी करायला त्याने नकार दिला, कुळांना हुसकायला निघाला. लोकांनी दगड उचलला नाही. त्याच्याशी बोलणंच सोडलं. मजूर कापणीला येईनात, दुकानदार माल देईना, पत्र पोचवणारा पत्र पोचवेना. शेवटी उत्तरेकडच्या काउंटींतून पन्नास माणसं आणली. त्यांच्या रक्षणाला हजारेक शिपाई आणि पोलीस. पाचशे पौंडांचं पीक काढायला सरकारला दहा हजार पौंडांच्या घरात खर्च आला असा तेव्हाचा हिशेब होता. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. पुढे पंचवीसेक वर्षांनी वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत जो बहिष्कार आला, त्याचं इंग्रजी नाव या घरातल्या माणसाचं. ही क्लिप गाडीत बसून, घराकडे बघत ऐका.

दिवस मोठा आणि हवा शांत असेल तर अ‍ॅशफर्डच्या धक्क्यावरून कॉरिबमधल्या इंचागोइल बेटावर बोट जाते. तिथे दोन पडकी चर्च आणि सुकाणूच्या आकाराचा एक उभा दगड आहे. लॅटिन अक्षरांत आयरिश भाषा कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक त्यावर आहे. बोट हवामानावर अवलंबून, म्हणून त्या दिवशी सकाळी फोन करून खात्री करा.

उरलेली अर्धी क्लिप

मठातली तिसरी क्लिप आठवतेय ना? तिचा दुसरा भाग डब्लिनला, किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ऐकायचा. काँगचा क्रॉस तिथे काचेत आहे. ११२३ मध्ये टर्लोख ओ’कॉनरने येशूच्या क्रॉसचा मानला गेलेला लाकडाचा तुकडा ठेवण्यासाठी तो करवून घेतला. मिरवणुकीत काठीवर मिरवायचा हा क्रॉस पाऊण मीटर उंच आहे. आत ओकचं लाकूड, वरून तांबं-कांस्याचे पत्रे, त्यांवर सोन्याची बारीक जाळी. मधोमध स्फटिक बसवलाय, त्याच्याखाली तो पवित्र तुकडा असे. जवळ जाऊन कडेवरची अक्षरं बघा. राजाचं नाव आहे, बनवणाऱ्याचंही आहे. मग खालच्या टोकाकडे या, एका जनावराने क्रॉस जबड्यात धरलाय.

हा क्रॉस काँगला बनला नव्हता, तिथे नंतर गेला. १८३९ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक जेम्स मॅककुला यांनी तो शंभर गिनींना विकत घेतला आणि रॉयल आयरिश अकादमीला दिला. गावाचं धन गावाबाहेर गेलं की वाचलं, यावर क्लिपमध्ये आपलं मत सांगू नका. आई-बाबा काचेसमोर उभे राहून आपसात तेच बोलतील.

संग्रहालयाला तिकीट नाही. मंगळवार ते शनिवार सकाळी दहाला उघडतं, रविवारी आणि सोमवारी दुपारी एकला. सोमवारी सकाळी विमानातून उतरून थेट तिथे जाऊ नका. आधी काँग, मग क्रॉस, असाच क्रम ठेवा. विमान डब्लिनहून परत असेल तर तो आपोआप जमतोही.